मलमाला वजन कळत नाही

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एक बाई मुलीला घेऊन दुकानात आल्या. मुलगी अकरावी-बारावीतली असावी. उन्हासाठी मुली स्कार्फ बांधतात तसा तिने बांधला होता, डोळे तेवढे उघडे. पंख्याखाली उभी राहिली तरी तो तिने सोडला नाही. आई म्हणाली, "ताई, आत्ता दवाखान्यातनंच आलोय. ते म्हणाले, आधी हिचं वजन कमी करा, पिंपल्स आपोआप जातील. तोवर लावायला एखादी ट्यूब द्या की तुमच्याकडची." मी चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर औषध एकही नव्हतं. नाव, वय, आणि खाली तीन ओळी: रोज चालणे, तेलकट बंद, गोड बंद.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी अठरा वर्षं मेडिकल चालवते. "आधी बारीक हो" हे वाक्य या काउंटरवर मी किती वेळा ऐकलं असेल, हिशेब नाही. कधी ते डॉक्टरांचं असतं, कधी मावशीचं, कधी जिमवाल्याचं. एक मात्र अजून पाहिलं नाही: तेच मुरुम घेऊन आलेल्या सडपातळ मुलीला कुणी हे वाक्य सांगितलंय असं. तिला ट्यूब मिळते, फेसवॉश मिळतो, फार झालं तर "लग्न झालं की जातात" हा दिलासा मिळतो. म्हणजे दुखणं एकच, पण एकीला औषध आणि दुसरीला उपदेश.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. फार्मसी शिकले आणि औषधं विकून पोट भरते. पण औषध कसं चालतं आणि ते लोक प्रत्यक्षात कसं वापरतात, या दोन्ही गोष्टी माझ्याइतक्या जवळून फार थोडे लोक बघत असतील. त्या बळावर मी म्हणते की मुरुमांच्या उपचारात वजनाचा हिशेब येतो, नक्की येतो. पण जिथे तो करायला हवा तिथे आपण करत नाही, आणि जिथे त्याचा काडीचा संबंध नाही तिथे तो पोरीच्या तोंडावर फेकतो.

पोटात घेतलेलं औषध रक्तात मिसळतं आणि सगळ्या अंगभर पसरतं. शरीर मोठं असेल तर तेवढंच औषध जास्त जागेत पसरतं. म्हणून लहान मुलांच्या तापाच्या औषधाला आपण किलो विचारतो. मुरुमावरच्या मलमाचं तसं नाही. अडापलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, क्लिंडामायसिन यांना जिथे पोचायचं ते ठिकाण, म्हणजे केसाच्या मुळाशी असलेलं तेलाच्या ग्रंथीचं तोंड, लावलेल्या जागेच्या अगदी खालीच असतं. तिथे मृत पेशींचा बोळा बसतो, मागे तेल साचतं, त्या तेलावर जगणारे जंतू वाढतात, आणि सूज येते. अडापलीन तो बोळा बसू देत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं. रक्तात यातलं जातं ते अगदी थोडं, आणि रक्तात जाऊन त्याला काही करायचंही नसतं. चेहऱ्याखाली पन्नास किलोचं शरीर आहे की पंचाऐंशी किलोचं, हे त्या मलमाला कळायला वाटच नाही. म्हणून अडापलीनच्या कागदावर मात्रा लिहिलेली असते ती मटारच्या दाण्याएवढी, पातळ थर अशी. किलोचा उल्लेख नसतो.

थोडं गणित करू. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ काढायचं एक साधं सूत्र मोस्टेलर यांनी १९८७ साली दिलं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५५ किलो धरलं, तर उत्तर येतं साधारण १.५६ चौरस मीटर. त्याच उंचीला वजन ८५ किलो धरलं तर १.९४. वजन निम्म्याहून जास्त वाढलं, कातडी वाढली चोवीस टक्के. आणि ती वाढही मुख्यतः पोट, मांड्या, पाठ, दंड इथली. चेहरा भरतो, पण त्याने मटारचा एक दाणा जाऊन दोन लागतील असं होत नाही. "तुझं वजन जास्त आहे म्हणून मलम लागू पडत नाही" असं जो कुणी चेहऱ्याच्या बाबतीत म्हणतो, त्याने हे गणित एकदा करून बघावं.

पाठीची गोष्ट वेगळी, आणि तिथे मला हा विषय खरंच महत्त्वाचा वाटतो. ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले या दोघांनी १९९१ साली मलम मोजायचं एक सोपं माप सुचवलं. ट्यूब दाबून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, जी रेघ येते ते एक माप. आपण त्याला सरळ पेर म्हणू. पुरुषाच्या एका पेरावर साधारण अर्धा ग्रॅम मलम बसतं, बाईच्या पेरावर त्याहून थोडं कमी. त्यांच्या हिशेबाने चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं लागतात, आणि नुसत्या मागच्या बाजूला, पाठ आणि कुल्ले मिळून, सात. म्हणजे बाईच्या तेवढ्या भागाला एका वेळी जवळपास तीन ग्रॅम. आपल्याकडे मुरुमांची ट्यूब येते ती बहुतेक पंधरा किंवा वीस ग्रॅमची. पंधरा ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपली पाहिजे. प्रत्यक्षात माझी गिऱ्हाइकं ती दोन महिने पुरवतात, आणि मग म्हणतात पाठीला गुण नाही.

यात खोच अशी की बोटाचं पेर वजनाबरोबर वाढत नाही, पाठ मात्र रुंदावते. भाजलेल्या रुग्णाची जखम मोजताना, माणसाचा तळहात बोटांसकट त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का धरायचा असा जुना ठोकताळा आहे. जाड माणसाच्या बाबतीत तो चुकतो, कारण अंग वाढतं आणि तळहात तेवढाच राहतो. तेच इथेही. जाड मुलीच्या पाठीला सात पेरं पुरणार नाहीत, आठ-नऊ लागतील. म्हणजे वजनाचा आणि मलमाचा खरा संबंध कुठे असलाच तर तो इतका साधा आहे: पाठीला मलम थोडं जास्त लागतं, ट्यूब मोठी लागते, खर्च वाढतो. हे सांगायला कुणी तयार नसतं. एवढी महाग मलमं पाठभर फासण्यापेक्षा बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश अंघोळीच्या वेळी पाठीवर लावून काही मिनिटं ठेवून धुतला तर स्वस्तात काम होतं, हेही कुणी सांगत नाही. (टॉवेल पांढरा वापरा. हे औषध रंग खातं. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोऱ्या मरून चादरीवर त्याने नकाशा काढला होता आणि भांडण माझ्याशी झालं.)

मग चेहऱ्यावरची मलमं का फसतात? वजनाने नाही फसत. ती फसतात घाईने. अडापलीन सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चेहरा कोरडा पडतो, लाल होतो, आणि कधीकधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली मुरुमांच्या उपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात पहिला उपचारच बारा आठवड्यांचा आहे. आमच्याकडे दहाव्या दिवशी ट्यूब परत येते, "रिअ‍ॅक्शन आली" म्हणून. मग दुसरी, मग तिसरी. मलम फसतं ते पुटकुळीवर ठिपका ठिपका लावल्याने, कारण ते लावायचं असतं सगळ्या भागाला, अजून न उगवलेल्या पुटकुळीसाठी. आणि मलम फसतं ते "स्ट्राँग द्या" या हट्टाने. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं असो की दहा टक्क्यांचं, सुजलेल्या मुरुमांवर गुण जवळपास सारखाच येतो आणि दहा टक्क्यांनी जळजळ जास्त होते, हे १९८६ पासून माहीत आहे. तरी गिऱ्हाईक दहाच मागतं. आकडा मोठा म्हणजे औषध भारी.

आणि सगळ्यात जास्त मलमं फसतात ती स्टेरॉइडने. याबद्दल मला बोलायचा हक्क किती, मला ठाऊक नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही त्या ट्यूबा दिल्या आहेत. तीन औषधं एकत्र केलेली, त्यातलं एक स्टेरॉइड. चार दिवसांत चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, आणि मुलगी मैत्रिणीलाही सांगते. दोन-तीन महिन्यांनी चामडी पातळ, लाल, केसाळ, आणि ट्यूब थांबवली की पूर्वीपेक्षा दुप्पट मुरुम. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम झाला. काउंटरवर काय चालतं ते मला विचारू नका, मी माझ्यापुरतं बंद केलंय. सांगायचा मुद्दा असा की चेहरा स्टेरॉइडने बिघडलेली जाड मुलगी डॉक्टरसमोर बसते तेव्हा "कुठली ट्यूब लावत होतीस?" हा प्रश्न आधी यायला हवा. येतो तो "वजन किती?" वजन डोळ्याला दिसतं ना. ट्यूब पर्समध्ये असते.

आता ज्या ठिकाणी वजन विचारायलाच पाहिजे, ते ठिकाण.

मुरुम फार असतील, गाठी होत असतील, खड्डे पडत असतील तर आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल देतात. हे पोटातलं औषध आहे आणि त्याची मात्रा वजनावरच ठरते: दिवसाला किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि सगळ्या कोर्सची बेरीज किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम, असा रूढ हिशेब आहे. ही बेरीज कमी पडली तर मुरुम परत येण्याची शक्यता वाढते. पन्नास किलोच्या मुलीला खालच्या हिशेबानेही एकूण ६००० मिलिग्रॅम लागतील. रोज वीसची एक कॅप्सूल धरली तर तीनशे दिवस. ऐंशी किलोच्या मुलीला ९६०० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच वीसच्या कॅप्सूलने चारशे ऐंशी दिवस. दहा महिने आणि सोळा महिने. मध्यम मुरुमांना कमी मात्रेचा कोर्सही चालतो आणि आपल्याकडे तो बराच वापरतात, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण दोघींच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात तेव्हा दोन्हींवर वीस मिलिग्रॅम, रोज एक, सहा महिने असंच लिहिलेलं असतं. चिठ्ठीवर वजनाचा आकडा नसतो. काटा असलाच तर डॉक्टरांच्या खोलीत कोपऱ्यात, त्यावर फायलींचा ढीग. मग वर्षभराने ऐंशी किलोवालीचे मुरुम परत येतात आणि तिला सांगितलं जातं: बघ, वजन कमी केलं नाहीस.

अमेरिकेत २०१८ साली सारेसायक्लिन नावाची मुरुमांची एक गोळी मंजूर झाली. तिची मात्राच वजनाच्या तीन गटांत बांधलेली आहे: ३३ ते ५४ किलोला ६० मिलिग्रॅम, ५५ ते ८४ ला १००, ८५ ते १३६ ला १५०. इथे वजन हा निव्वळ एक आकडा आहे, उंचीसारखा. त्यात कुणाची लाज नाही, कुणाचा आळस नाही. आकड्याशी असं साधं वागता येतं.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती मी दुकानात उभ्या उभ्याच शिकले. आयसोट्रेटिनॉइन जेवणाबरोबर, आणि जेवणात थोडं तूप-तेल असेल तरच नीट अंगी लागतं. उपाशीपोटी घेतलं तर रक्तात पोचणारं औषध बरंच कमी होतं. आता विचार करा. "तेलकट बंद, रात्रीचं जेवण बंद" ऐकलेली मुलगी रात्री ताक पिऊन कॅप्सूल घेते. एका मुलीने मला हे स्वतः सांगितलं, अभिमानाने, की ती सहा वाजल्यानंतर काही खात नाही आणि कॅप्सूल झोपताना घेते. म्हणजे वजनाच्या सल्ल्याने मुरुमांचं औषध निकामी करून ठेवलं होतं. तिला मी एवढंच सांगितलं, दुपारच्या भाजी-भाकरीबरोबर घे, आणि भाजीला फोडणी असू दे. हे औषध चालू असताना गर्भ राहता कामा नये, हेही त्याच श्वासात सांगावं लागतं, कारण बाळाला त्याने गंभीर व्यंग येऊ शकतं. आणि तेही पुष्कळदा मलाच पहिल्यांदा सांगावं लागतं.

आता मुरुम आणि वजन यांचा मुळात संबंध आहे का? लोकांना वाटतं हे सिद्ध झालेलं आहे. वाचायला गेलं तर उलटसुलट सापडतं. इस्राएलमध्ये सहा लाखांवर तरुण-तरुणींच्या नोंदी तपासून २०१९ साली एक अभ्यास छापला गेला. त्यात जसजसं वजन जास्त तसतसे मुरुम कमी आढळले, मुलांत आणि मुलींतही. नॉर्वेतल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये नेमकं उलट दिसलं, जाड मुलींत मुरुम जास्त, आणि मुलांमध्ये तसा संबंध दिसला नाही. तैवानमधल्या शाळकरी मुलांत मुरुम असलेल्यांचं वजन जास्त निघालं. आता इस्राएलचा आकडा घेऊन मी काउंटरवर "पोरी, थोडं वजन वाढव, मुरुम जातील" असं सांगायला लागले तर लोक मला वेड्यात काढतील. मग नॉर्वेचा आकडा घेऊन उलटं सांगणाऱ्याला आपण शहाणा का म्हणतो?

आहाराचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ऑस्ट्रेलियातला, २००७ सालचा. पंधरा ते पंचवीस वयाचे ४३ तरुण, बारा आठवडे. निम्म्यांना रक्तातली साखर झपकन न वाढवणारं जेवण दिलं, आणि त्यांचे मुरुम खरंच जास्त कमी झाले. पण त्यांचं वजनही घटलं होतं. संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं की वजनातला फरक हिशेबात धरला तर आहाराचा परिणाम वेगळा काढता येत नाही. म्हणजे वजन उतरल्याने गुण आला की मैदा-साखर सुटल्याने, हे त्या प्रयोगातून सुटत नाही. ४३ मुलगेच होते, मुलगी एकही नाही, हेही ध्यानात ठेवू. नाइसची मार्गदर्शिका म्हणते, मुरुमांसाठी अमुक एक आहार सुचवावा इतका पुरावा नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही आहाराबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलंय. साखर कमी करायला माझी हरकत नाही. माझी हरकत "तोवर औषध नाही" या शब्दांना आहे.

पीसीओडीचं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी चुकते त्या दुखण्याचं काय, असं आता कुणी विचारेल, आणि ते बरोबर विचारेल. माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. ज्या मुलीची पाळी दोन-दोन महिने चुकते, हनुवटीवर राठ केस येतात, मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो, मुरुम जबड्याच्या कडेने आणि गालाच्या खालच्या भागात येतात, तिच्या बाबतीत वजन हा फालतू विषय नाही. रक्तात इन्शुलिन जास्त राहिलं की अंडाशय पुरुषी संप्रेरकं (हार्मोन) जास्त बनवतं, आणि यकृत त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं. दोन्हीकडून तेलाच्या ग्रंथी चेकाळतात. अशा मुलीचं मलम बोळा काढत राहतं आणि आतून तेलाचा नळ चालूच राहतो. मलम थांबवलं की मुरुम परत. वजन पाच-दहा टक्के उतरलं तर अशा मुलींची पाळी बऱ्याचदा सुधारते. चेहऱ्याबद्दल इतकी खात्री देता येत नाही, पण मदत होऊ शकते.

म्हणजे मग डॉक्टरांचं बरोबर होतं का? नव्हतं. पीसीओडीचा संशय असेल तर पाळी विचारायला हवी, मान बघायला हवी, रक्त तपासायला हवं, संप्रेरकांच्या गोळ्यांचा विचार करायला हवा, आणि मलम तर द्यायलाच हवं, कारण संप्रेरकं ताळ्यावर यायला महिने जातात आणि खड्डे पडायला तेवढे लागत नाहीत. वजन हे तिथे जास्त तपासायचं कारण आहे. आपल्याकडे ते तपासणी थांबवायचं कारण होतं. आणि पीसीओडी सडपातळ मुलींनाही असतो, आपल्या देशात तर अशा मुली पुष्कळ. त्यांना कुणी पाळी विचारत नाही, कारण त्या बारीक आहेत. काट्यावर नजर ठेवल्याने दोघी हुकतात. पीसीओएसची, म्हणजे पीसीओडीचीच, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने निघाली. वजनावरून होणाऱ्या हेटाळणीची दखल तिने नाव घेऊन घेतली आणि वजनाबद्दल बोलण्याआधी बाईची परवानगी घ्या असं सांगितलं. परवानगी! आमच्याकडे वेटिंगमध्ये बसलेल्या सात जणांना ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगतात.

दुसरी बाजू लोक विसरतात म्हणून सांगते. बारीक मुलामुलींच्या चेहऱ्याची वाट लावणारा वजनाचाच धंदा आमच्या तालुक्यात जोरात आहे. वजन वाढवायच्या गोळ्या म्हणून भूक लावणारं सायप्रोहेप्टाडिन आणि त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे पुन्हा स्टेरॉइड, पुडीत बांधून देतात. लग्न ठरत नाही, मुलगी फार वाळकी, द्या काहीतरी. महिन्यात गाल गोल होतात, आणि छातीवर, पाठीवर एकसारख्या बारीक लाल पुटकुळ्यांचं पीक येतं. जिमला जाणाऱ्या पोरांचं तसंच: व्हे प्रोटीनच्या डब्यानंतर आणि त्याहून जास्त "कोर्स"च्या, म्हणजे स्नायू फुगवायच्या, इंजेक्शनांनंतर पाठ भरून आलेली मी पाहते. यातल्या एकालाही कुणी "आधी वजन..." हे वाक्य ऐकवलेलं मी पाहिलेलं नाही. तिथे शरीर हवं तसं होत असतं ना, मग मुरुम चालतात.

डॉक्टरांची बाजू मला कळते. बाहेर साठ पेशंट, आत एकाला चार मिनिटं. वजन हा असा सल्ला आहे की तो कधीच चूक ठरत नाही. मधुमेह, गुडघे, रक्तदाब, कशालाही लागू. आणि गुण आला नाही तर दोष पेशंटचा. जे वाक्य कधीच चूक ठरत नाही त्यावर औषधवाल्या माणसाने जरा संशय घ्यावा, असं मला वाटतं. आम्ही प्रत्येक गोळीला विचारतो: किती दिली, किती दिवस दिली, काय झालं. "वजन कमी करा" याला मात्रा नाही, मुदत नाही, पुढची तारीख नाही.

आता मलमांच्या कंपन्यांकडेही एक मागणं आहे. वजनाचा चेहऱ्यावरच्या मलमावर परिणाम होऊच शकत नाही असं मी छातीठोक म्हणणार नाही. तेलाचा जोर वेगळा असू शकतो, घाम जास्त असू शकतो, आणि जाड माणसांच्या कातडीतून पाणी जास्त उडून जातं असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणजे मलमाची जळजळही वेगळी असू शकते. पण हे ठरवायचं असेल तर चाचणीत भाग घेतलेल्यांची वजनं नोंदवून निकाल तसे फोडून दाखवायला हवेत. ट्यूबबरोबर येणाऱ्या घड्यांच्या कागदात वय असतं, गरोदरपण असतं, ऊन असतं. वजनाचं एक अक्षर मी तरी वाचलेलं नाही. जी गोष्ट ट्यूबवाल्यांनाही सांगण्यासारखी वाटली नाही, ती दवाखान्यात इतक्या खात्रीने कशी सांगितली जाते?

त्या दिवशी त्या बाईंना मी ट्यूब दिली नाही. चिठ्ठीशिवाय द्यायची औषधं ती नव्हेत, आणि मुलीचा चेहरा न बघता तर मुळीच नाही. साताऱ्याला जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या ओपीडीला न्या म्हटलं, आणि पाळीबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. बाई जरा नाराज झाल्या, एस.टी.चं भाडं, दिवस मोडणार. दुकानाच्या दाराशी आमचा वजनकाटा आहे, येणारा-जाणारा फुकट उभा राहतो. निघताना मुलगी त्याच्याकडे बघून थांबली आणि स्कार्फातूनच विचारलं, "मॅडम, तिथं परत वजन करतील का?"

पंधरा दिवसांनी आई एकटीच चिठ्ठी घेऊन आली. रात्रीसाठी अडापलीन, सकाळी अडीच टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड, शिवाय रक्ताच्या दोन तपासण्या आणि सोनोग्राफी लिहिलेली. मी ट्यूबवर पांढरी पट्टी चिकटवून पेनाने लिहिलं: सगळ्या तोंडाला मिळून मटाराएवढं, रात्री, तोंड धुऊन कोरडं करून. पहिले पंधरा दिवस एक आड एक. लाल झालं तर घाबरायचं नाही. दिवाळीपर्यंत थांबायचं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "आणि खायचं-प्यायचं काय बंद?"

"काही नाही," मी म्हटलं. "टॉवेल तेवढा पांढरा घ्या."